कुंपणाचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आमच्या चिटणीसबाईंनी मागच्या महिन्यात मला गाठून सांगितले, "या वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे." मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. मी बोलून बोलून काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "मंडळाच्या भाजीच्या जागेला तुम्ही कुंपण घालून घेतलेत, त्याविषयी बोला. पुष्कळजणींना आपापल्या परसाला कुंपण घालायचे आहे." तेव्हा आज मी उभी आहे ती कुंपणापुरती. त्यात थोडी माझी एक चूकही सांगणार आहे, कारण ती चूक सांगितल्यावाचून हा हिशेब पुरा होत नाही.

चुकीपासूनच सुरुवात करते.

२०१६ साली आम्ही आमच्या परसाच्या एका बाजूला कुंपण घालायचे ठरवले. बाकीच्या बाजूंना गडगा होता, एकच बाजू उघडी होती. मी दोरीने मोजली, ती ९० फूट भरली. खांब १० फुटांवर लावतात हे मला ऐकून ठाऊक होते. नव्वदाला दहाने भागले, नऊ आले. नऊ खांब मागवले. घरात मी मोठ्या ऐटीत सांगितले की, हिशेब मी केला आहे, कोणी बघायला नको.

खांब आले, खड्डे झाले, एका टोकापासून खांब उभे राहू लागले. नववा खांब उभा राहिला आणि पुढे बघते तर दहा फुटांची खिंड तशीच मोकळी! गडी म्हणाला, "बाई, एक खांब कमी आलाय." मी म्हटले, "दुकानदाराने कमी पाठवला असेल." पुन्हा गाडी यायला आठ दिवस होते. तोवर त्या खिंडीत बाभळीच्या काट्या टाकून ठेवल्या.

दुसऱ्याच रात्री शेजारच्या वहिनींची गाय सुटली आणि काट्या बाजूला सारून आत आली. सकाळी बघितले तर मेथी नाही, कोथिंबीर नाही, वांग्याचे वाफे तुडवलेले. त्या भाजीच्या पैशांत मला मुलीच्या शिवणाच्या वर्गाची फी भरायची होती. माझा तोल सुटला. मी वहिनींच्या दारात जाऊन नको ते बोलले. "गाय बांधून ठेवता येत नसेल तर पाळता कशाला?" असेही म्हणाले. त्यांनी एवढेच विचारले, "ताई, कुंपण घातलेत ते खिंड ठेवून कसे घातलेत?" तो प्रश्न मला फार झोंबला. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद झाले. गडग्यावरून इकडे येणारा कढीपत्ता थांबला, माझ्याकडून तिकडे जाणारे विरजण थांबले. दोन संक्रांती आल्या आणि गेल्या, पण आम्ही एकमेकींकडे हळदीकुंकवाला गेलो नाही. मुलीचा वर्ग त्या वर्षी राहिला तो राहिलाच.

पुढे २०१८ साली मंडळाला भाजी लावायला जागा मिळाली. माझ्या घरी कुंपण झालेले, म्हणून अंदाजपत्रक करण्याचे काम माझ्याकडे आले. पैसा मंडळाचा होता. दिवाळीचा फराळ आणि उन्हाळ्यातले पापड करून आपण सगळ्यांनी तो जमवला होता. घरचा पैसा चुकला तर घरातले चार शब्द ऐकावे लागतात. हा चुकला असता तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मला रात्री झोप येईना.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. मी पहाटे अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढत बसले होते. एका ओळीत दहा ठिपके दिले आणि ते जोडू लागले. जोडता जोडता सहज मोजले, तर रेघा नऊच! पुन्हा मोजले, ठिपके दहा, मधल्या फटी नऊ. माझा हात तसाच थांबला. नव्वद फुटांत दहा-दहाच्या फटी नऊ होत्या हे खरे, पण नऊ फटींना खांब दहा लागतात. दुकानदाराने खांब कमी पाठवला नव्हता. गड्याने हरवला नव्हता. मी फटी मोजल्या आणि त्यांनाच खांब म्हणाले. आपल्या हाताला पाच बोटे आणि चार फटी, हे लहान मूल सांगेल. ते मला दोन वर्षे दिसले नाही.

रांगोळी तशीच टाकून मी वहिनींच्या दारात गेले. म्हटले, "वहिनी, ती खिंड माझ्या हिशेबाने राहिली होती. दोष तुमच्या गाईचा नव्हता." त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गाय सुटली हा माझा दोष होताच. आत या, चहा टाकते." चहा पिताना मी मंडळाच्या जागेचे सांगितले. त्या म्हणाल्या, "मोजायला जाल तेव्हा मला हाक मारा. फितीचे एक टोक कोणीतरी धरायला लागेलच ना!"

भगिनींनो, आता पुढचा हिशेब आम्हां दोघींचा आहे.

पहिली गोष्ट, खांबांच्या आधी हद्द. ज्यांची जमीन लागून आहे त्यांना बोलावून, त्यांच्यासमोर मोजावे. हद्दीविषयी शंका असेल तर तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा आणि निशाण्या झाल्यावरच खड्डा खणावा. खांब उपटणे सोपे, पण शेजाऱ्याच्या मनात रुतलेले काढणे कठीण.

दुसरी गोष्ट, दोरीने मोजू नये. दोरी ताणते आणि हिशेब फसतो. मोजायची फीत घ्यावी. आपल्या जागेची लांबी ६६ फूट आणि रुंदी ४५ फूट भरली. कोपरा काटकोनात आहे की नाही हे बघायला एका बाजूवर ६ फुटांची आणि दुसऱ्या बाजूवर ८ फुटांची खूण करावी. दोन खुणांमधले अंतर १० फूट भरले तर कोपरा बरोबर. मग समोरासमोरचे कोपरे तिरके मोजावेत. दोन्ही तिरकी मापे सारखी आली पाहिजेत. आपली दोन्ही ७९ फूट साडेदहा इंचांच्या आसपास आली.

तिसरी गोष्ट, फटी. चार तारांच्या कुंपणाला दोन खांबांत १० फुटांहून अधिक अंतर ठेवू नये, नाहीतर मधे तार झोळते. पण दहा-दहा फूट मोजत गेले की शेवटी वेडावाकडा तुकडा उरतो. म्हणून प्रत्येक बाजूचे सारखे भाग करावेत. ६६ फुटांची मागची बाजू दहाने भागली तर सहा भाग होऊन ६ फूट उरतात. तेव्हा सात भाग करावे, म्हणजे प्रत्येक फट ९ फूट ५ इंचांची होते आणि शेवटी एखादा इंच उरतो. ४५ फुटांच्या बाजूंचे पाच-पाच भाग केले, प्रत्येक ९ फुटांचा. पुढच्या बाजूला मधोमध १० फुटांचा दरवाजा, कारण शेणखताची गाडी आत यायला हवी. दरवाजाच्या दोन्ही अंगांना २८ फूट उरले. त्यांचे तीन-तीन भाग, प्रत्येक ९ फूट ४ इंचांचा.

आता फटी मोजू. मागे ७, दोन बाजूंना ५ आणि ५, पुढे ३ आणि ३, आणि दरवाजाची १. एकूण २४.

मग खांब किती? माझ्या परसाच्या अनुभवावरून तुम्ही म्हणाल, पंचवीस. इथेच दुसरी खोच आहे. माझ्या परसाची बाजू ही सरळ ओळ होती, दोन्ही टोके मोकळी. तिथे फटींपेक्षा खांब एक जास्त. मंडळाची जागा चारी बाजूंनी मिटलेली आहे. तुळशीवृंदावनाभोवती बारा पणत्या लावल्या तर पणत्यांमधल्या फटीही बाराच होतात, कारण शेवटच्या पणतीशेजारी पहिलीच पणती असते. म्हणून आपल्या २४ फटींना २४ खांब. त्यांत कोपऱ्यांचे ४, दरवाजाचे २ आणि मधले १८. बेरीज करून बघा, २४ होते.

कुंपणाचे काम करणाऱ्या एका माणसाकडून आम्ही आधी अंदाज मागवला होता. त्याने २८ खांब लिहिले होते. त्याने फसवले असे मी म्हणणार नाही. त्याने एकेक बाजू वेगळी धरली होती, मागे ८, पुढे ८, बाजूंना ६ आणि ६. त्यामुळे चारही कोपरे दोनदा मोजले गेले. मी एक कमी मोजला होता, त्याने चार जास्त मोजले. दोघांची चूक एकाच जातीची.

चौथी गोष्ट, टेकू. पावसाळ्यात ओली गोधडी दोरीवर टाकली की कुठला बांबू वाकतो? मधला नाही, टोकाचा. तारेचा सगळा ओढा कोपऱ्यांवर आणि दरवाजाच्या खांबांवर येतो. मधले खांब नुसती तार उचलून धरतात. म्हणून कोपऱ्याच्या खांबाला तारेच्या रेघेतच दोन्ही दिशांना एकेक तिरका टेकू द्यावा, आणि दरवाजाच्या खांबाला एकेक. चार कोपऱ्यांचे ८ आणि दरवाजाचे २, असे १० टेकू. त्या माणसाच्या अंदाजात टेकू नव्हतेच. ते कुंपण एक-दोन पावसाळ्यांत आत झुकले असते.

पाचवी गोष्ट, तार. घेर २२२ फूट, त्यातून दरवाजाचे १० वजा, राहिले २१२. चार ओळी, म्हणजे ८४८ फूट. खांबाला गुंडाळायला आणि सांध्यांना शेकडा पाच जास्त धरले, म्हणजे ८९० फूट. मीटरमध्ये ते सुमारे २७१ होतात. पण काटेरी तार वजनावर मिळते आणि एका किलोत किती मीटर बसेल हे तारेच्या जाडीवर आणि काट्यांच्या अंतरावर ठरते. तेव्हा आम्ही दुकानातच एक मीटरचा तुकडा काट्यावर ठेवायला लावला. तो ११० ग्रॅम भरला. म्हणजे २७१ मीटरला जवळजवळ ३० किलो. त्या माणसाने ४५ किलो लिहिली होती. बांधायची बारीक तार वेगळी लागते. २४ खांब आणि चार ओळी, म्हणजे ९६ गाठी. गाठीला एक फूट धरले तर सुमारे शंभर फूट.

तारेच्या ओळी सारख्या अंतरावर बांधू नयेत. शेळी आणि कुत्रे खालून शिरतात, म्हणून खाली दाट आणि वर विरळ. आपण जमिनीपासून ९, २१, ३६ आणि ५४ इंचांवर बांधल्या. मात्र लहान मुले खेळतात तिथे काटेरी तार मुळीच लावू नये, तिथे जाळी लावावी. तार ताणताना हातातून सुटली तर ती सापासारखी उलटते, म्हणून जाड हातमोजे घालावेत आणि मुलांना लांब ठेवावे.

या तारेची एक गंमत माझ्या मुलाने वाचून दाखवली. अमेरिकेत इलिनॉय प्रांतात जोसेफ ग्लिडन म्हणून एक शेतकरी होता. त्याने १८७४ साली आपल्या काटेरी तारेचे पेटंट घेतले. पहिले काटे वळवायला त्याने घरातली कॉफी दळायची चक्की वापरली असे सांगतात. म्हणजे कुंपणाची विद्याही शेवटी स्वयंपाकघरातूनच निघाली म्हणायची!

सहावी गोष्ट, खड्डे आणि सिमेंट. खांब ७ फुटांचा घ्यावा. २ फूट जमिनीत, ५ फूट वर. आपल्याकडे वरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यात उभा केलेला खांब हलू लागतो. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणावे. मग थोडे अधिक खणावे लागले तर तेवढ्या लांबीचा खांब आधीच मागवावा. आपल्या जागेत मुरूम दोन फुटांच्या आतच लागला.

सगळे खड्डे सिमेंटने भरायची गरज नाही. मधल्या १८ खांबांना दगडगोटे आणि मुरूम घालून, पाणी मारून, पहारीने चांगले ठोकले की पुरते. काँक्रीट घालायचे ते कोपरे, दरवाजा आणि टेकूंना. सहा खड्डे १ फूट लांब, १ फूट रुंद आणि २ फूट खोल, म्हणजे १२ घनफूट. टेकूंचे दहा खड्डे एक-एक फुटाचे, म्हणजे १० घनफूट. एकूण २२. खांबाने व्यापलेली जागा मी वजा केली नाही, ती सांडलवंडीत धरली.

आता पोहे भिजले की आटतात हे आपल्याला सांगायला नको. सिमेंट, वाळू आणि खडी यांचेही तसेच. पाणी घातले की वाळू खडीच्या फटींत शिरते आणि माल आटतो. म्हणून कोरडा माल दीडपट धरावा. २२ ची दीडपट ३३. प्रमाण एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू, सहा भाग खडी, मिळून दहा भाग. तेहतिसाचा दहावा हिस्सा ३.३ घनफूट सिमेंट. एका गोणीत सुमारे सव्वा घनफूट असते, म्हणजे तीन गोण्या. वाळू १० घनफूट आणि खडी २० घनफूट. भाजणीचे प्रमाण ज्या बाईला जमते तिला हे जमलेच पाहिजे. काँक्रीट घातल्यावर आठ दिवस पाणी मारले आणि मगच तार ताणली.

खांब लावण्याचा क्रमही सांगते. आधी चार कोपरे आणि दरवाजाचे दोन खांब उभे करावेत. ते ओळंब्याने तपासावेत. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणावी, फितीने फटी मोजून चुन्याची खूण करावी, आणि सगळ्या खुणा मोजून झाल्यावाचून पहिला मधला खड्डा खणू नये. आम्ही दोघी चुन्याच्या खुणांवरून दोनदा फिरलो. वहिनींनी उजवीकडून मोजल्या, मी डावीकडून. दोघींच्या चोवीस आल्या तेव्हा मी खांब मागवले.

आता खर्च. २०१९ च्या उन्हाळ्यात आम्हांला खांब ३५० रुपयांना आणि ६ फुटी टेकू २५० रुपयांना पडला. २४ खांबांचे ८,४०० आणि १० टेकूंचे २,५००, मिळून १०,९००. त्या माणसाच्या २८ खांबांचे ९,८०० झाले असते. म्हणजे इथे माझा हिशेब ११०० रुपयांनी जड झाला. तार ८५ रुपये किलो होती. त्याची ४५ किलो ३,८२५ ची, आपली ३० किलो २,५५० ची. इथे १,२७५ वाचले. जमाखर्च करून हातात राहिले १७५ रुपये, आणि टेकूंच्या पायांना जास्तीचे सिमेंट लागले त्यात तेही गेले. तेव्हा मी मंडळाचे फार पैसे वाचवले असे कोणी म्हणू नये. फक्त जो पैसा चार फुकट खांबांत आणि पंधरा किलो फुकट तारेत गेला असता, तो टेकूंत गेला. तेव्हापासूनच्या सगळ्या पावसाळ्यांत एकही खांब हललेला नाही. हिशेब करायचा तो खर्च कमी करण्यासाठीच असे नाही. जिथे लागतो तिथे पैसा जावा आणि जिथे लागत नाही तिथे जाऊ नये, एवढ्यासाठी करायचा.

त्याच पावसाळ्यात कुंपणाच्या आतून मेंदी लावली. एक-एक फुटावर रोप. चिटणीसबाईंनी मला विचारले, "२१२ फुटांना रोपे किती?" मी म्हटले, "२१३." त्या म्हणाल्या, "मिटलेल्या जागेला तर फटी तितकेच खांब ना?" मी म्हटले, "खांबांची रांग मिटलेली आहे, पण मेंदीची दरवाजापाशी तुटते. तिला दोन टोके आहेत, म्हणून एक रोप जास्त." हे उत्तर देताना मला जो आनंद झाला, तो सातवीची परीक्षा पास झाले तेव्हाही झाला नव्हता.

भगिनींनो, माझे बोलणे संपले. तुम्हांला कुंपण घालायचे असेल तर कागद घ्या, ठिपके काढा, ठिपके वेगळे मोजा आणि फटी वेगळ्या मोजा. रांग मोकळी असेल तर ठिपका एक जास्त, मिटलेली असेल तर दोन्ही सारखे. आणि हिशेब चुकला तर आधी आपला कागद बघा, मग शेजारणीच्या दारात जा.

आमच्या वहिनी समोर दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. येताना त्यांनी कढीपत्ता आणला आहे. आजच्या फराळाच्या चिवड्यात तो आहे, सर्वांनी जरूर घ्यावा.